चौऱ्याहत्तर वॅट

लिएपायाच्या वाचनालयात हल्ली पुस्तकांसोबत
विजेचा छोटा मीटरही मिळतो, सात दिवसांच्या बोलीवर.
काउंटरवरची झेल्टीते म्हणाली, उशीर झाला तर दंड.
पिशवीत बिटांच्या खाली दडवून मी तो घरी आणला,
जशी काही दुसऱ्याची पत्रं वाचायला निघाले होते.

शनिवारी विस्वाल्दिस वाफ घ्यायला भावाकडे जातो.
तो गेला तसा मी कोठीचा दिवा लावला.
वर काकडीच्या बरण्या, खाली त्याची यंत्रं.

राउटर: नऊ वॅट.
असू दे, रविवारी त्यातून मुलगी दिसते.
मग ती चपटी पेटी. आठ भोकं, दोनच वायरी,
सहा तोंडं नुसती उघडी, तरी ताटात पाच वॅट.
झोपलेला कॉम्प्युटर: चार.
झोपेतही खाता येतं, हे मी सासऱ्यांच्या वेळी पाहिलंय.

आणि तो जुना, काळा, कधीच न झोपणारा.
प्लग काढला, मीटर घातला, परत सुरू केला.
पंखा गुरगुरला, आकडा वर गेला, खाली आला,
चौऱ्याहत्तरवर बसला आणि तिथून हलेना.

वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला.
युनिटला बावीस सेंट,
वर्षाचे एकशे बेचाळीस युरो आणि वर थोडे.
माझे बूट तिसऱ्यांदा शिवलेत
आणि हा अकरा वर्षं
वाऱ्याचा वेग लिहून घेतोय, दर मिनिटाला.
बंदरावर नोकरी होती तेव्हा त्याचे पगार मिळायचे.
आता वारा फुकट आहे
आणि त्याची नोंद मात्र विकत.

रागाच्या भरात मी बटण दाबलं.

पंखा थांबला.
त्याच्यामागे इतकं काही होतं, मला माहीत नव्हतं.
शेजारच्या शेडचा पत्रा आधी सावकाश,
मग कुणी तातडीनं बोलवावं तसा वाजू लागला.
खिडकीच्या फटीतून एक बारीक सूर,
पार समुद्रावरून आलेला, मिठाचा.
मी बिटं सोलायची सोडून
चुलीपाशी उभीच राहिले.

अंधार पडता पडता आठवण झाली रोपांची.
मार्चमध्ये टोमॅटोचा ट्रे कुठं ठेवते मी?
त्याच काळ्या पेटीच्या डोक्यावर.
पाच वर्षं, दर वर्षी, स्वतःच्या हातानं.
बोट लावलं. माती गार.
चोर शोधायला निघाले
आणि माझाच रुमाल तिथं सापडला.

तो आला, केस ओले, गाल लाल.
दारातच थबकला, जसा एखादा
घरातलं घड्याळ बंद पडल्यावर थबकतो.
बोलला काही नाही. यंत्र चालू केलं,
पडद्यावर रेघ आली, मध्ये तुटलेली.
"चार तास दहा मिनिटं," तो म्हणाला,
"वाराच नाही."

"होता," मी म्हटलं.
"किती?"
"पत्रा वाजण्याइतका. पावणेचारला जास्त.
मग जरा थांबला. मग पुन्हा."
तो माझ्याकडे बघत राहिला.
त्याच्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता.

आता काडेपेटीएवढं एक यंत्र मागवलंय, चार वॅटचं.
तेच नोंदी ठेवेल, पंख्याशिवाय, मुकाट.
आणि रोपांसाठी एक गरम चटई, अठरा वॅटची.
तिचा हिशेब मी अजून मांडलेला नाही,
विस्वाल्दिसनं विचारलेलाही नाही.

मीटर मंगळवारी परत केला, दंड न भरता.
आणि खर्चाच्या वहीत,
दूध आणि बुटांची शिलाई यांच्या मधोमध,
एक ओळ लिहून ठेवली:

शनिवार. वारा होता.
खर्च काही नाही.